तोंडाची बाजू

"सगळी घासलेली आहेत गं आत्या. आणि या एकाला तर डाग आहे. याची नुसती चांदीची किंमत." तीन दिवाळ्यांपूर्वी म्हसवडला, आत्याच्या माजघरात, लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मी हे बोलले. पुढ्यात ओला पाट होता, त्यावर चिंचेच्या कोळाचे तपकिरी ओघळ आणि ओळीने मांडलेले अकरा बंदे रुपये. आत्यानेच हौसेने बोलावलं होतं, "तू नाणी बघतीस न्हवं आता? मग आमची बी बघ की." मला नाण्यांचा नाद लागून जेमतेम चार महिने झाले होते. पर्समध्ये भिंग होतं, आणि ते बाहेर काढायची संधी मिळाली याचा मला आनंद झाला होता. एकेक रुपया उचलून मी भिंगाखाली धरला, दोन मिनिटांत अकराही संपवले आणि निकाल सांगून मोकळी झाले.

आत्या रागावली नाही. तिने पदराच्या टोकाने एकेक रुपया कोरडा केला, मोजत मोजत पितळी डबीत ठेवला. डागवाला मात्र तिने थोडा वेळ मुठीतच धरून ठेवला. मग म्हणाली, "ऱ्हाऊ देत. इकायचीत कुठं आपल्याला." आणि डबीचं झाकण दाबून बसवलं.

तो झाकणाचा आवाज पुण्यापर्यंत माझ्याबरोबर आला.

नाण्याची प्रत, म्हणजे ते किती टिकून आहे, हे ठरवायला मला शिकवलं ते पेठेतल्या एका जुन्या दुकानदाराने. मी त्यांना काका म्हणते, ते मला ताई. त्याआधी मी रविवारी जुन्या बाजारात जायची, जमिनीवर अंथरलेल्या कापडावरची काळवंडलेली नाणी उलटीपालटी करायची आणि मनाला येईल ते घेऊन यायची. काकांनी माझी ती सगळी खरेदी एका ट्रेमध्ये ओतली आणि काही न बोलता दोन ढीग केले. मोठ्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणाले, "हे ओतीव." खऱ्या रुपयावर टांकसाळीत ठसा दाबलेला असतो, ओतीव नकलीवर अक्षरांच्या कडा साबणासारख्या मऊ असतात, पृष्ठभागावर बारीक खड्डे असतात आणि बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच टिचकी मारली तर आवाज उमटताच विझतो. खरा रुपया वाजतो आणि वाजत राहतो. खणखणीत हा शब्द मी आयुष्यभर माणसांच्या बोलण्याबद्दल, उत्तरांबद्दल वापरत आले होते. तो कुठून आला हे त्या दिवशी कानांनी कळलं.

मग त्यांनी ट्यूबलाइट बंद केली आणि टेबलावरचा एकच पिवळा दिवा लावला. पाचवा जॉर्ज, साल १९१८, पाच रुपये. "लावा ताई, चांगल्याकडून वाईटाकडे. भिंग नंतर. आधी डोळे." मी सर्वांत चकचकीत रुपया पहिला ठेवला आणि करडा, धुरकट रुपया चौथा. त्यांनी फक्त त्या दोघांच्या जागा बदलल्या. का, ते सांगितलं नाही. पुढच्या रविवारी तेच पाच रुपये पुन्हा माझ्यापुढे ठेवले. असं दीड-दोन महिने चाललं. त्या काळात त्यांनी मला एकाही नाण्याची किंमत सांगितली नाही. किंमत कळली की डोळे तिच्याकडेच बघतात, असं त्यांचं म्हणणं. आता इतकी नाणी हाताखालून गेल्यावर मला ते पटतं.

झीज पाहायची म्हणजे उंचवटे पाहायचे. खिशात, कसात, गल्ल्यात नाणं नाण्यावर घासतं तेव्हा सर्वांत वर असलेली जागा आधी जाते. व्हिक्टोरियाच्या रुपयावर गाल, भुवई, कानावरून गेलेले केस आणि झग्यावरची नक्षी. एडवर्डच्या डोक्यावर मुकुटच नाही, म्हणून तिथे कान आणि दाढी बघायची. पाचव्या जॉर्जच्या मुकुटातले मणी, मिशी, आणि छातीवरच्या झग्यातला तो चिमुकला हत्ती. १९११ च्या रुपयावर हा हत्ती इतका आखूड सोंडेचा उतरला की लोकांना तो डुकरासारखा दिसला. ओरड झाली, बहुतेक रुपये वितळवले आणि १९१२ पासून हत्ती नीट काढला. मला त्या हत्तीचं कौतुक वेगळ्याच कारणाने आहे. त्याच्या अंगावरची झूल स्पष्ट दिसत असेल तर रुपया फार हिंडलेला नाही. झूल जाऊन नुसती बाह्यरेषा उरली असेल तर बाजारात बराच फिरलाय. आणि हत्तीच्या जागी गुळगुळीत टेकाड असेल तर त्याने कितीतरी उंबरे पाहिलेत. फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रा फाइन ही नावं या पायऱ्यांचीच आहेत. नवख्या माणसाला 'फाइन' म्हणजे उत्तम वाटतं. नाण्यांच्या भाषेत फाइन म्हणजे चांगलंच झिजलेलं, पण अजून ओळख टिकवून असलेलं.

यात एक जागा फार फसवी आहे. काही नाणी जन्मापासूनच अस्पष्ट असतात. ठसा जुना झालेला असतो किंवा दाब कमी पडलेला असतो, आणि राजाचा कान टांकसाळीतून बाहेर पडतानाच सपाट असतो. तो सपाटपणा आणि वापराचा सपाटपणा दिसायला सारखेच. त्यांच्यातला फरक चमक सांगते. ठसा जोरात बसतो तेव्हा चांदी मधून कडेकडे सरकते आणि तिच्या अंगावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेषा उमटतात. नाणं दिव्याखाली हळूहळू फिरवलं की त्या रेषांवरून उजेडाचे दोन पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरत जातात. सपाट कानावरूनही ते पट्टे न अडता गेले तर कान झिजलेला नाही, मुळातच तसा आहे. आणि तिथे येऊन पट्टा विझला, तर तिथे बोटं लागलेली आहेत. पहिल्यांदा तो पट्टा फिरताना दिसला तेव्हा मी दुकानात मोठ्याने "दिसलं!" म्हणाले होते. बाकीची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

आणि काकांचं एक वाक्य, जे मी सतत घोळवत असते: "झीज चालते, घास चालत नाही."

झिजणं वेगळं आणि घासणं वेगळं. झीज म्हणजे व्यवहार. शेकडो हातांनी थोडं थोडं नेलेलं, सगळीकडून सारखं, आणि त्यावर काळाने चढवलेला करडा रंग. हवेतलं गंधक चांदीला लागतं, आधी सोनेरी, मग जांभळट-निळी आणि शेवटी काळी छटा चढते. ही छटा नाण्याचं वय असते, संग्राहक तिला हात लावत नाहीत. घास म्हणजे राख, रांगोळी, लिंबू, चिंच, दात घासायची पावडर. त्याने काळेपणा जातो, पण त्याबरोबर त्या उजेडाच्या रेषाही जातात आणि त्या पुन्हा येत नाहीत. नंतर नाणं लखलखतं, पण भांड्यासारखं. फिरवलं तरी उजेड जागचा हलत नाही. मी पहिल्या रविवारी पहिला ठेवला होता तो रुपया असाच होता. अगदी आत्याच्या रुपयांसारखा. घासलेल्या नाण्याला नुसती प्रत मिळत नाही, प्रतीच्या पुढे 'घासलेलं' असा शेरा लागतो आणि किंमत उतरते. मी म्हसवडला जे म्हणाले ते या अर्थाने बरोबर होतं. तरी ते झाकण आठवलं की मला बरोबर असल्याचं काही वाटत नसे.

प्रत आकड्यांत सांगायची पद्धत अमेरिकेतून आली. विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी शिडी लावली, आणि आता आपल्याकडचा राणीछाप रुपयाही प्लॅस्टिकच्या बंद डबीत असा आकडा घेऊन येतो. मला आकड्यांची सोय कळते. दोन अनोळखी माणसांना फोनवरून एकाच नाण्याबद्दल बोलता येतं. पण या शिडीच्या वरच्या टोकाला काय आहे? जे नाणं कुणी वापरलंच नाही ते. टांकसाळीतून निघून पिशवीत पडून राहिलेलं, ज्याने कधी बैल विकत घेतला नाही, कुणाची उधारी फेडली नाही. मी तसे दोन रुपये जपून घेतले आहेत आणि ते सुंदर आहेत, त्यांच्यावरून फिरणारा उजेड पाहून अजूनही श्वास अडतो. पण रात्री झोपण्याआधी एखादं नाणं हातात घ्यावंसं वाटतं तेव्हा मी व्हेरी फाइनचा डबा उघडते. वजनकाट्यावर ठेवला की रुपया ११.६६ ग्रॅम भरायला हवा, म्हणजे बरोबर एक तोळा. १८३३ साली रुपया आणि तोळा दोन्ही १८० ग्रेनचे ठरले, म्हणून तर आपल्याकडे चांदी रुपयाभार मोजत. माझ्या डब्यातले रुपये ११.५, ११.४ भरतात. उरलेली चांदी कुठे गेली? बाजाराच्या हवेत, बोटांना, कापडाला. १९४० पासूनच्या रुपयात तर चांदी अर्धीच उरली, बाकी तांबं, निकेल आणि जस्त. त्यांची झीजही वेगळी दिसते, रंगच धड नसतो. जुने बाराव्या हिश्शाची भेसळ असलेले रुपये मात्र झिजतानाही मऊ होत जातात. बाळाच्या हातासारखे नव्हे, वापरून वापरून मऊ झालेल्या लुगड्यासारखे.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी पुन्हा म्हसवडला गेले. निमित्त सिद्धनाथाच्या दर्शनाचं होतं, पण पर्समध्ये छोटा वजनकाटा आणि टेबलावरचा दिवा घेतलेला होता. जेवणं झाल्यावर आत्याला म्हटलं, "तुझे रुपये पुन्हा दाखवशील?" ती माझ्याकडे बघत राहिली. "त्यांची किंमत न्हाई म्हनालीस की." मी म्हटलं, "मला नीट बघता येत नव्हतं तेव्हा." ती उठली, कणगीमागच्या फडताळातून डबी काढून आणली आणि माझ्यापुढे ठेवली. झाकण मलाच उघडायला लावलं.

या वेळी मी अकरा रुपयांना अख्खी दुपार दिली. एक व्हिक्टोरिया क्वीन, १८६२. चार एम्प्रेस, म्हणजे तिचेच, पण 'क्वीन'ऐवजी 'एम्प्रेस' लिहिलेले. दोन एडवर्ड. चार पाचवे जॉर्ज. बाहेर ऊन इतकं की पत्र्याचा कडकड आवाज येत होता. खोली अंधारी, आणि मधोमध माझ्या दिव्याचं पिवळं वर्तुळ. आधी एकेका रुपयाची तोंडाची बाजू पाहिली आणि वहीत लिहिलं, मग मागची बाजू. चौथ्या रुपयाला माझ्या लक्षात आलं की मी प्रत्येक वेळी दोन वेगळ्या प्रती लिहीत होते. तोंडाच्या बाजूला राणीचं नाक सपाट, एडवर्डचा कान बुजलेला, जॉर्जचा हत्ती टेकाड झालेला. आणि मागच्या बाजूला? पानाफुलांची वेलबुट्टी जवळजवळ शाबूत. एका एम्प्रेसच्या मागे तर अक्षरांच्या आडोशाला, जिथे कापड पोचत नाही अशा कोपऱ्यांत, उजेडाचा पट्टा अजून जिवंत होता. मी तो रुपया कितीतरी वेळ फिरवत बसले. बाजारात फिरून असं होत नाही. बाजार दोन्ही बाजूंना बहुतेक सारखाच हात लावतो. दहाच्या दहा रुपयांची एकच बाजू गेलेली म्हणजे ते एकाच ठिकाणी, एकाच रीतीने, वर्षानुवर्षं झिजवले गेलेत. तोंड वर करून.

अकरावा, डागाचा, उलटा निघाला. १८६२ चा तो रुपया. राणीच्या मुकुटाच्या वर, कडेला, कधीकाळी कडी जोडल्याचा खडबडीत ठिपका. राणीचा चेहरा बाकीच्यांपेक्षा बरा होता आणि मागची बाजू पार गुळगुळीत, काचेसारखी. १८६२ हे साल टांकसाळींनी पुढे दहाहून जास्त वर्षं रुपयावर तसंच ठेवलं. मुंबईच्या रुपयांवर मागच्या बाजूला बारीक ठिपके देत गेले, आणि त्यांवरून खरं वर्ष शोधायचा प्रयत्न करण्यात संग्राहकांच्या रात्री जातात. मी ठिपके शोधायला दिवा तिरका केला. साल अंधुक दिसत होतं. ठिपक्यांच्या जागी काहीच नव्हतं. नाणं झिजावं अशी ही जागा नाही, ती खोलगट असते. इतकं गुळगुळीत व्हायला काहीतरी मऊ, रोज, दिवसभर लागायला हवं.

"आत्या, हा कुणाच्या गळ्यातला?"

ती भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती. "तुला कसं कळलं गळ्यातला त्ये?" मी मागची बाजू दाखवली. तिने बघितली नाही, हात पुढे केला आणि अंगठ्याने चाचपली. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. म्हणाली, सासूबाईंचा. एकवीस रुपयांची माळ होती, लग्नात घातलेली, ती मरेपर्यंत काढायची नाही असा त्यांचा नेम. मग बाहत्तरचा दुष्काळ आला. त्याबद्दल ती जास्त बोलली नाही, माणदेशातल्या त्या वयाच्या बायका बोलत नाहीत. खडी फोडायला दोघी सासू-सुना जात होत्या, सुकडी खाल्ली, लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या, एवढं म्हणाली. बैलांना वैरण नव्हती. माळ सराफाकडे नेली. त्याने प्रत्येक रुपयामागे कडीच्या डागाची घट धरली आणि वजनावर पैसे दिले. देण्याआधी सासूबाईंनी एक रुपया दाताने कडीतून तोडून कनवटीला लावला. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. "आन् ह्ये धा?" मी विचारायच्या आत तीच म्हणाली. "ह्ये धा लक्ष्मीचं. पूजंचं रुपयं मोडत्यात व्हय कधी? गळ्यातलं मोडलं, पर ह्ये न्हाई."

डाग हा शब्द मी तीन वर्षांपूर्वी त्या पाटासमोर बसून किती सहज वापरला होता. सोनाराकडे जोड देतात तो डाग, अंगावर घालतात तोही डाग, आणि कपड्याला लागतो तोही. माझ्या वहीत तेव्हा तिसराच अर्थ होता.

त्या दुपारी मी वहीत त्या रुपयाची प्रत लिहिली. ती खोटी लिहिणं मला जमलं नसतं आणि तसं करायची काही गरजही नव्हती. तोंडाची बाजू फाइनच्या जरा वर, मागची बाजू त्याच्या खूप खाली, कडी काढल्याची खूण, घासलेलं. वजन ११.३. पुण्याला आल्यावर काकांना वही दाखवली. त्यांनी अकरा नोंदी सावकाश वाचल्या आणि म्हणाले, "दोन्ही बाजू वेगळ्या लिहिल्यात. आता येतंय तुम्हाला." मला बरं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. ही नजर मला चार महिन्यांत आली असती तर त्या दिवाळीला मी आधी विचारलं असतं आणि मग बोलले असते. पण ती चार महिन्यांत येत नाही. ती येईपर्यंत मी आणखी कुणाकुणाच्या डब्यांवर असे निकाल दिले असतील, ते मला आठवतही नाहीत.

या दिवाळीला आत्याचे गुडघे फारच दुखत होते. पाटावर बसवेना, म्हणून ती खुर्चीत बसली आणि पाट माझ्यापुढे सरकवला. वाटीत चिंचेचा कोळ, शेजारी चाळलेली रांगोळी, मऊ धोतराचा तुकडा. माजघरात उटण्याचा आणि तळणीचा वास मिसळलेला. मी जरा थांबले. संग्राहकांनी जपलेली छटा या रुपयांवर उरलेलीच नाही, वर्षभरात धरलेला काळेपणा तेवढा आहे, हे मला ठाऊक होतं. तरी हात आपोआप कडेवर गेले, मी रुपया कंगोऱ्यांवरच धरला, काकांनी शिकवला तसा. रांगोळी बाजूला सरकवली, नुसता कोळ घेतला आणि मागच्या बाजूपासून सुरुवात केली, तिथल्या त्या कोपऱ्यांना न दुखावता.

आत्या वरून बघत होती.

"आगं, ती बाजू ऱ्हाऊ दे. ती खाली आसती, कुनाला दिसतीया," ती म्हणाली. "तोंडाची बाजू घे. पर हळू. नाक आदीच गेलंया तिचं."